वर्दीवाले मास्तर

मास्तर शिकवणारे नव्हेत, शिवणारे. पोलीस वसाहतीच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की त्यांचं दुकान लागायचं. पुढे काचेचं दार, आत कापड बेतायचं लांबलचक टेबल, जागोजागी इस्त्रीचे चटके बसून काळं पडलेलं, आणि मागच्या भिंतीला खुंट्यांवर ओळीने लटकलेल्या खाकी वर्द्या. तरुणपणी ते मामाच्या हाताखाली काजंबटणं करायला बसले. पुढे मामाला दिसेनासं झालं आणि दुकान यांच्या गळ्यात पडलं. लग्नाचा कोट शिवून द्या म्हणून कुणी आलं तर ते म्हणायचे, "आपल्याला एकच कविता पाठ आहे बाबा, वर्दीची. दुसरी म्हणायला गेलो तर अडखळेन."

टाचण्या तोंडात धरून बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे निम्मं बोलणं नाकातून यायचं आणि नवखं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. ठाण्यातल्या कुठल्या साहेबांचं पोट सुटलं, कुणाचे खांदे पडले, हे त्या साहेबांच्या बायकोच्या आधी मास्तरांना कळायचं. माप देताना माणसं मोकळी होतात. पोलीस तिथे वरिष्ठांना शिव्या घालायचे, बायकोशी झालेलं भांडण सांगायचे, एखादा तर पडद्याआड कपडे बदलायला जाऊन रडून यायचा. मास्तर मान खाली घालून खडूच्या रेघा मारत राहायचे. दुकानातलं बोलणं त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर नेलं नाही. वसाहतीत त्यांना मान होता तो शिवणाइतकाच या गोष्टीचा.

त्यांना दोन मुलं. थोरला मुलगा आणि पाठची मुलगी. मुलगी तोंडाळ, कुणाला बधायची नाही. थोरला मात्र अगदी गरीब. शाळेतून मार खाऊन यायचा आणि कुणी मारलं ते सांगायचा नाही. बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. आईला त्याची काळजी वाटायची, मास्तरांना कौतुक. पोरगं शब्दाबाहेर नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. हा पोलिसात जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण उंची होती, पळायला चांगला होता, आणि दुकानात येणाऱ्या एका साहेबांनी अर्ज भर म्हटलं म्हणून त्याने भरला. निवड झाली तेव्हा त्याची पहिली वर्दी मास्तरांनी कारागिराला हात लावू न देता स्वतः शिवली. घालून तो आरशासमोर उभा राहिला. आई म्हणाली, खांद्यात सैल आहे. मास्तर म्हणाले, भरेल.

त्यानंतर काही वर्षांनी शहरात कॅमेऱ्यांचा वाद पेटला. एका मोर्चात पोलिसांच्या काठीने एका कॉलेजच्या मुलीचा डोळा गेला. काठी कुणाची, ते काही केल्या सिद्ध झालं नाही. पन्नास पोलीस होते आणि प्रत्येकाची पाठ दुसरीकडे वळलेली होती. लोक रस्त्यावर उतरले, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, आणि अखेर ठरलं की प्रत्येक पोलिसाने छातीवर कॅमेरा लावायचा. कामगिरीवर पोचण्याआधी बटण दाबायचं. जे घडेल ते टिपलं जाईल.

कॅमेरा काडेपेटीहून थोडा मोठा, पण वजनदार. सदऱ्याचं कापड त्याने लोंबायचं, उसवायचं. म्हणून आतून जाड कापडाची दुहेरी पट्टी लावून द्यायचं काम मास्तरांकडे आलं. सगळ्या ठाण्याचे सदरे दुकानात येऊन पडले. त्या दिवसांत दुकानात दुसरा विषय नव्हता. एक निवृत्त फौजदार रोज सकाळी मास्तरांचं वर्तमानपत्र फुकट वाचायला येऊन बसायचे. ते म्हणायचे, "आता चोर दिसला की आधी कॅमेऱ्याची परवानगी काढायची. धरू का रे बाबा याला, माझी कुठली बाजू चांगली दिसते?" पोलीस खो-खो हसायचे. मास्तरांची मुलगी डबा द्यायला आली की फौजदारांशी हुज्जत घालायची. सरळ वागणाऱ्याने कशाला घाबरायचं, म्हणायची. फौजदार म्हणायचे, पोरी, सरळ आणि वाकडं हे ज्याच्या अंगावर सुरा येतो त्याला विचार, घरात बसून पाहणाऱ्याला नको. मास्तर दोघांच्या मधे तोंड घालत नसत. पण मुलीचं म्हणणं त्यांना मनातून पटायचं.

कॅमेरे आले, पण बटणं दाबली जातीलच असं नव्हतं. कुणी विसरायचं, कुणाची बॅटरी नेमकी वेळेला मान टाकायची. थोरला मात्र न चुकता दाबायचा. नियम होता ना. ठाण्यात त्याला 'सिनेमावाला' म्हणायला लागले होते. तो घरी सांगताना ओशाळं हसायचा.

आता धारवाल्याबद्दल सांगायला हवं. हा माणूस सायकलला धारेचा दगड बसवून गल्लोगल्ली फिरायचा. सायकल उभी करायची, मागचं चाक स्टँडवर उचलायचं आणि पायडल मारत दगड फिरवायचा. सुऱ्या, विळ्या, कात्र्या, सगळं त्याच्याकडे. मास्तरांची मोठी कात्री दुसऱ्या कुणाच्या हाती जात नसे, ती फक्त त्याच्याकडे जायची. बोलका, जरा भांडकुदळ, जागेवरून कुणी हटकलं की अडून बसणारा. त्याची बायको बसस्थानकात झाडलोट करायची. दोघांना मूलबाळ नव्हतं.

एका दुपारी तो बाजारात एका फळांच्या दुकानापुढे सायकल लावून बसला होता. दुकानदाराने हटकलं, याने हुज्जत घातली. हातात जवळच्या हॉटेलवाल्याने धार लावायला दिलेला सुरा होता आणि तो हात नाचवत बोलत होता, नेहमीसारखा. दुकानदाराने पोलिसांना फोन केला की एक माणूस सुरा घेऊन अंगावर येतोय. जवळच गस्तीवर असलेले दोघे पोचले. एक मास्तरांचा थोरला आणि दुसरा त्याचा जोडीदार, एक जुना जमादार. संध्याकाळपर्यंत शहरभर झालं की धारवाला गेला. पोलिसांनी सांगितलं, तो सुरा घेऊन धावून आला, त्याला आवरताना त्याचं हृदय बंद पडलं. जमादाराच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली होती. थोरल्याचा कॅमेरा चालू होता.

थोरला त्या दिवशी घरी आला तो न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. चौकशी संपेपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. आई त्याच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवायची. मास्तरांना काय विचारावं ते सुचेना. दुकानात मात्र वादाला ऊत आला होता. बाजारातली माणसं म्हणत होती की माणूस पालथा पाडलेला आम्ही पाहिला, सुरा केव्हाच लांब पडला होता. पोलिसांच्या संघटनेने पत्रक काढलं. मग मागणी सुरू झाली: कॅमेऱ्यातलं दाखवा. वरिष्ठ म्हणाले, चौकशी चालू असताना दाखवता येणार नाही. लोकांनी विचारलं, मग कॅमेरे लावले कशाला, शोभेला?

अशात एक दिवस धारवाल्याची बायको दुकानात आली. झाडू बाहेर टेकवून ठेवला, आत येऊन टेबलाशी उभी राहिली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"मास्तर, ते धावून नाही जायचे कुणाच्या अंगावर," ती म्हणाली. "बोलायचे फार, पण धावायचे नाहीत. तुमच्या मुलाच्या कॅमेऱ्यात सगळं आहे म्हणतात. ते तेवढं दाखवा म्हणावं."

मास्तर म्हणाले, ते आमच्या हातात नाही, वर ठरतं. ती म्हणाली, वरच्यांकडे जाऊन आले, त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. मास्तरांनी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती गेली. मास्तरांनी पुढ्यातला सदरा हाती घेतला, पण शिवण वाकडीतिकडी जायला लागली, तेव्हा त्यांनी मशीन थांबवली.

त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून ते घरी आले. थोरला अंगणाकडच्या खिडकीशी बसला होता. त्यांनी सरळच विचारलं, तू मारलंस का त्याला?

"नाही, बाबा," तो म्हणाला. "मी हात उचलला नाही त्याच्यावर. शपथ."

मास्तरांना त्याचा शब्द पुरेसा होता. हा मुलगा खोटं बोलत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि तो खोटं बोललाही नव्हता. त्यांच्या जिवावरचं ओझं एकदम उतरलं. मग दाखवत का नाहीत? दाखवलं तर जमादाराचं काय व्हायचं ते होईल, आपला मुलगा तरी सुटेल. थोरला पुढे काहीतरी बोलणार होता, असं त्यांना नंतर अनेकदा वाटलं. त्या वेळी ते ऐकायला थांबले नाहीत.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या सभागृहात लोकांची बाजू ऐकायला सभा ठेवली होती. सभागृह गच्च भरलं. मंचावर मोठे साहेब, नगराध्यक्षा आणि संघटनेचा माणूस. खाली एका बाजूला वसाहतीतली माणसं, दुसऱ्या बाजूला बाजार. कुणी म्हणालं, चार क्षणांचं चित्र पाहून पोलिसाला फासावर लटकवाल, आदल्या चार क्षणांत त्याला काय वाटलं ते कुठे टिपलंय? कुणी म्हणालं, मेलेल्याला काय वाटलं ते तरी कुठे टिपलंय? आवाज चढत गेले. मागच्या रांगेतून मास्तर उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. आधी नाव विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले की मी वर्द्या शिवतो. लोक हसले. मग ते म्हणाले,

"ज्याच्या छातीवरचा कॅमेरा चालू होता, त्याचा मी बाप आहे. माझं म्हणणं आहे, दाखवून टाका. आम्हाला लपवायचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तेच वाक्य. पोलिसाचा बापच दाखवा म्हणतोय तर अडतंय कुठे, या प्रश्नाला वरिष्ठांकडे उत्तर उरलं नाही. थोड्याच दिवसांत चित्रण सगळ्यांसाठी खुलं झालं.

मुलीने ते फोनवर लावलं. ती, आई आणि मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. थोरला आतल्या खोलीत होता, दार लावून.

ज्याच्या छातीवर कॅमेरा असतो तो स्वतः त्यात दिसत नाही. मास्तरांनी इतक्या पट्ट्या शिवल्या, पण ही गोष्ट कधी त्यांच्या मनात आली नव्हती. आधी फळांचं दुकान दिसलं, मग धारवाला हात नाचवताना. जमादाराने एका झटक्यात त्याला खाली घेतलं. सुरा घरंगळत गटारापाशी गेला, तो स्पष्ट दिसत होता. जमादाराने त्याच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, गुडघा रोवला. मग चित्र खाली झुकलं आणि दोन हात दिसले, धारवाल्याचे घोटे धरलेले. उजव्या मनगटावर लहानपणी दुकानातल्या इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग होता. आईने तोंडावर पदर घेतला.

धारवाला म्हणत होता, माझी सायकल, सायकल बघा कुणीतरी. पुन्हा पुन्हा तेच. मग आवाज बारीक झाला, मग थांबला. बराच वेळ नुसता बाजाराचा कालवा. आणि मग अगदी जवळून, जणू फोनच बोलतोय असा, थोरल्याचा आवाज आला:

"साहेब, बास करा आता. हलत नाहीये तो."

जमादार वळूनही न बघता म्हणाला, धरून ठेव. आणि हात धरून राहिले. पाय केव्हाच सैल पडले होते, तरी हात तसेच. मुलीने फोन पालथा घातला. मास्तर म्हणाले, पुढचं लाव. तिने लावलं नाही.

त्यानंतर त्या एका वाक्यावरून सगळीकडे माणसं भांडली. वसाहतीतली म्हणाली, बघा, पोरगा थांबवत होता. बाजारातली म्हणाली, म्हणजे याला कळत होतं, कळूनही धरलं. 'बास करा आता' हे शब्द भिंतींवर रंगवले गेले, मोर्चात ओरडले गेले. कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा वकिलांनीही तेच उचललं. एक म्हणाला, ही त्याची माणुसकी. दुसरा म्हणाला, हा त्याचा कबुलीजबाब. न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलं की माणूस मरतोय हे ज्याला कळलं, त्याच्याकडून हात सोडण्याची अपेक्षा अधिक होती. दोघांनाही तुरुंगवास झाला, जमादाराला जास्त, थोरल्याला कमी. जमादाराच्या पाठीशी संघटना उभी राहिली, वरच्या कोर्टात त्याची शिक्षा बरीच घटली. थोरल्याने वरच्या कोर्टात जायला नकार दिला. मग दोघे जवळपास बरोबरच सुटणार असं झालं.

दुकानातल्या खुंट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. कुणी भांडलं नाही. घाई आहे, दुसरीकडून करून घेतो, असं म्हणून येऊन आपापला सदरा घेऊन जायचे. मास्तरांच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. फौजदार वर्तमानपत्र वाचायला यायचे बंद झाले. एकदा रस्त्यात गाठ पडली तेव्हा म्हणाले, "मास्तर, एवढी वर्षं आमचं सगळं पोटात ठेवलंत. आणि स्वतःच्या पोराचंच तेवढं ओकलात."

घरात बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, औषधाची आठवण मुलीकरवी करायची. एकदाच म्हणाली, "त्याने सगळं नाही सांगितलं तुम्हाला, तुम्ही विचारलंत तेवढंच सांगितलं. अजून एक प्रश्न विचारायचा होता." आणि ते खरं होतं.

दुसऱ्या बाजूची माणसं मात्र त्यांना डोक्यावर घ्यायला आली. पोटच्या मुलापेक्षा सत्य मोठं मानणारा बाप, म्हणून सत्कार करायचा त्यांच्या मनात होतं. मास्तरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पण त्या भेटीने त्यांच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी ते बसस्थानकात गेले. धारवाल्याची बायको फलाट झाडत होती. ते बाकावर बसले. ती काम आटपून आली आणि थोडं अंतर ठेवून बसली.

"मी तुमच्यासाठी नव्हतो बोललो," मास्तर म्हणाले. "मला वाटलं माझा मुलगा सुटेल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सभेत होते मी, तेव्हाच कळलं होतं. तुमचा चेहरा खुशीत होता."

मास्तरांनी विचारलं, तुम्ही पाहिलंत ते चित्रण? ती म्हणाली, नाही. कधीच पाहणार नाही. मला दिसायला नको होतं मास्तर, लोकांना दिसायला हवं होतं. मग एक बस लागली, माणसं उतरली आणि ती झाडू घेऊन उठली.

तुरुंगात भेटीला मास्तर दर खेपेला जायचे. काचेच्या अलीकडे हे, पलीकडे तो. घरचं, आईचं, बहिणीच्या नोकरीचं बोलणं व्हायचं आणि वेळ संपायची. बऱ्याच खेपांनंतर एकदा मास्तरांनी विचारलंच.

"तुला कळलं होतं. मग सोडलं का नाहीस?"

थोरल्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. उत्तर टाळत नव्हता, शोधत होता.

"साहेब सोड म्हणाले नाहीत," तो म्हणाला. आणि मग, आपलं आपल्यालाच नवल वाटावं तसा, "बाबा, मी वाट बघत होतो. ते म्हणतील म्हणून."

मास्तरांना त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि पोटाशीही धरावंसं वाटलं. मधे काच होती. त्यांनी फक्त विचारलं, जेवण बरं देतात का? तो हो म्हणाला.

शिक्षा भोगून तो घरी आला. पोलिसात परत जायचा प्रश्नच नव्हता. एका गोदामात खोकी चढवायचं-उतरवायचं काम मिळालं. कामाला चोख, पण मुकादमाने काही सांगितलं की चमकून दोनदा विचारतो, नक्की ना? त्यामुळे मुकादम वैतागतो. आईने मास्तरांशी पुन्हा बोलायला सुरुवात केली, तीही अशी की कधी सुरू झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुकान आता दवाखान्यांचे अंगरखे आणि पडदे शिवतं. कॅमेऱ्याचे नियम कडक झाले आहेत. आता पोलिसाला तो बंदच करता येत नाही म्हणतात. वर्द्या कारखान्यातून तयार येतात, पट्टीसकट.

मागच्या महिन्यात एक तरुण दुकानात आला. नव्याने भरती झालेला, विजार लांब होत होती, ती आखूड करून हवी होती. दुसऱ्या गावचा, मास्तरांना ओळखत नव्हता. मास्तर खाली बसून त्याच्या पायाशी टाचण्या लावत होते आणि तो वर गप्पा मारत होता. आज वर्गात आम्हाला एक चित्रण दाखवलं, म्हणाला. जुनं आहे. एकाला खाली पाडलंय आणि एक पोलीस त्याचे पाय धरून बसलाय. शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं, याने काय करायला हवं होतं?

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "मग?"

"मग काय, सगळे एका सुरात म्हणालो, सोडायला हवं होतं. सोपं होतं."

"आणि साहेब काय म्हणाले?"

तरुण आठवू लागला. "शाबास म्हणाले बहुतेक. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली."

मास्तरांनी दुसऱ्या पायाची विजार दुमडली, माप बघितलं आणि त्याला सरळ उभं राहायला सांगितलं. तो लगेच सरळ उभा राहिला, हात अंगालगत, नजर समोर. मास्तरांची टाचणी लावून झाली, खडूची रेघ मारून झाली, ते टेबलाला धरून उठलेही. तो अजून तसाच उभा होता.